भाता बांधलेल्या मोटारीचा सारथी

जेम्स बाँड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चंदेरी रंगाची ॲस्टन मार्टिन येते. ती सिनेमाने दिलेली. इयान फ्लेमिंगची पहिली कादंबरी ‘कॅसिनो रॉयल’ १९५३ साली निघाली, तेव्हा त्याने बाँडच्या हाती दिली होती ती एक जुनी, अवजड, साडेचार लिटर इंजिनाची बेंटली. आणि तिला ॲम्हर्स्ट व्हिलियर्स नावाच्या इंजिनिअरने बनवलेला सुपरचार्जर होता. कादंबरीकार आपल्या नायकाला वाहन देतो ते सहसा उगीच देत नाही. मीही कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यामुळे अनुभवाने सांगतो, नायकाच्या मेहुण्याचे नाव एखाद्या वेळी घाईत ठरते, पण तो कशात बसून येतो हे ठरवायला वेळ लागतो. फ्लेमिंगच्या पिढीतल्या इंग्रज वाचकाला ती मोटार वाचताच बाँडच्या आधी दुसराच एक माणूस आठवला असणार. ठेंगणा, सडपातळ, बोलताना अडखळणारा, गळ्यात निळ्या कापडावर पांढरे ठिपके असलेला रुमाल बांधणारा. त्याचे नाव सर हेन्री बर्किन. सगळे जग त्याला टिम म्हणे, आणि हे टोपणनाव लहान मुलांच्या एका चित्रमासिकातल्या ‘टायगर टिम’वरून पडलेले होते.

हा माणूस १९३३ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच्या नावाशी कायमची जोडली गेलेली मोटार एकही मोठी लांब पल्ल्याची शर्यत जिंकली नाही. तरीही आज तिच्या जातीच्या मोटारींना लिलावात जी किंमत येते ती त्या काळातल्या कुठल्याही विजेत्या बेंटलीच्या तोडीची असते. मला त्याच्या आयुष्याचे कुतूहल वाटले ते मात्र वेगळ्याच कारणाने. ही सगळी कथा वेगाची म्हणून सांगितली जाते. मला ती उष्णतेची वाटते.

बर्किन जन्मला २६ जुलै १८९६ रोजी, नॉटिंगहॅमला. घराणे लेस बनवणाऱ्या कारखानदारांचे. आपल्याकडे साडीला, पडद्याला लावायला जी जाळीची लेस मिळते, तिच्या यंत्रांनी नॉटिंगहॅम शहर श्रीमंत झाले आणि त्यात बर्किन मंडळी अग्रभागी होती. पहिल्या महायुद्धात तो हवाई दलात गेला. त्याची नेमणूक पॅलेस्टाइनकडे झाली आणि तिथे त्याला मलेरिया झाला. हा मलेरिया वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे परत येणार आहे.

युद्ध संपल्यावर १९२१ साली त्याने ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर पहिल्यांदा शर्यतीची मोटार चालवली. त्याच साली लग्नही केले. मग घर, संसार, घरचा धंदा, दोन मुली. आणि काही वर्षे शर्यती बंद. पण १९२७ साली तो आपला धाकटा भाऊ आर्ची याला घेऊन पुन्हा ब्रुकलंड्सवर उतरला, बेंटली घेऊन. त्यानंतर काही आठवड्यांतच आर्ची मॅन बेटावरच्या मोटारसायकल शर्यतीचा सराव करताना मारला गेला. एखाद्याने तिथेच हे सगळे सोडून दिले असते. टिमने सोडले नाही. पुढच्या वर्षी त्याचा घटस्फोट झाला, आणि तिथून पुढे मोटार हाच त्याचा संसार झाला.

आता थोडे बेंटलीविषयी. डब्ल्यू. ओ. बेंटली हा गृहस्थ रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करून तयार झालेला. युद्धाआधी तो आपल्या भावासह फ्रेंच मोटारी विकत असे आणि त्या मोटारींत ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचे पिस्टन घालण्याची कल्पना त्याने अमलात आणली. ॲल्युमिनियम उष्णता भराभर वाहून नेते, म्हणून पिस्टनचे डोके कमी तापते आणि इंजिन जास्त फिरवता येते. युद्धात त्याने विमानांच्या इंजिनांनाही हाच उपाय लावला. तेव्हा इंजिनातली उष्णता म्हणजे काय हे त्या काळच्या इंग्लंडात ज्या थोड्या माणसांना नीट समजले होते त्यांपैकी हा एक. मोटार जोरात पळवायची असेल तर त्याचे उत्तर ठरलेले होते: इंजिन मोठे करा. तीन लिटरचे साडेचार करा, साडेचारचे साडेसहा करा. मोठे इंजिन आरामात काम करते, तापत नाही, टिकते.

१९२८ च्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बेंटलीच्या साडेचार लिटरच्या मोटारी उतरल्या होत्या. बर्किनच्या मोटारीचे टायर फुटले, फाटलेले रबर चाकात गुंतले, आणि वजन वाचवायचे म्हणून जॅक बरोबर ठेवलेला नव्हता. तो नुसत्या रिमवर मोटार रेटत राहिला, शेवटी चाक कोसळले आणि गाडी खड्ड्यात. ठाण्यापासून सुमारे तीन मैलांवर. तो पळत ठाण्यावर आला, आणि त्याचा जोडीदार शासान्य, पन्नाशीकडे झुकलेला फ्रेंच माणूस, दोन जॅक बगलेत मारून तितकेच अंतर पळत गेला. एवढे होऊनही ती मोटार पाचवी आली, आणि शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी बर्किनचीच ठरली.

पण त्या दिवशीची खरी विलक्षण गोष्ट जिंकणाऱ्या मोटारीची आहे. वुल्फ बार्नाटो आणि बर्नार्ड रुबिन यांची बेंटली पुढे होती आणि शेवटच्या फेऱ्यांत तिच्या चौकटीला तडा गेला. चौकट वाकली, त्यामुळे रेडिएटरची नळी निसटली आणि पाणी वाहून गेले. पाणी भरायचे तर नियमाने ठरावीक फेऱ्यांच्या आत भरता येत नसे. बार्नाटोने मोटार अशी चालवली, जसा एखादा माणूस काठोकाठ भरलेली कढई घेऊन जिना चढतो. पाय हलका, वेग कमी आणि लक्ष मागून येणाऱ्या अमेरिकन मोटारीवर. तो जिंकला. कोरड्या रेडिएटरवर ते इंजिन तग धरून राहिले, कारण ते मुळात आपल्या ताकदीच्या बरेच आत काम करत होते. त्याच्या पोटात काही शिल्लक होते.

बर्किनला मात्र ही शिल्लक वाया चालली आहे असे वाटत होते. जर्मन मर्सिडीज सुपरचार्जर लावून पळत होत्या, इटालियन पळत होत्या. बेंटली मोठ्या करत गेलो तर त्या जडही होत जाणार. त्यापेक्षा आहे त्या साडेचार लिटरच्याच इंजिनाला जास्त हवा पाजावी, हा त्याचा हिशेब.

हा सुपरचार्जर म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ज्यांना यंत्रांचा कंटाळा आहे त्यांनीही हा एवढा परिच्छेद सोसावा. इंजिन हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढते, दाबते आणि पेटवते. जितकी हवा आत जाईल तितकेच पेट्रोल जळणार. साधे इंजिन स्वतःच्या श्वासावर जगते. सुपरचार्जर हा त्याच्या नाकाशी बांधलेला लोहाराचा भाता. ही उपमा माझी नाही म्हणण्यापेक्षा ती उपमाच नाही: बर्किनच्या मोटारीवर जो प्रकार बसवला होता त्याचा मूळ जन्म अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंच्या कारखान्यात १८६० साली झाला आणि तो पुढे खाणींत हवा खेळवायला, भट्ट्यांना वारा घालायला वापरला गेला. एका पेटीत इंग्रजी आठाच्या आकाराचे दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. इंग्रजीत त्याला ब्लोअर म्हणतात, आणि म्हणून ही मोटार ‘ब्लोअर बेंटली’.

या भात्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते, आणि ती दोनदा मोजावी लागते. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते, ते सर्वांनी अनुभवले असेल. हवा दाबली की ती तापते. म्हणजे इंजिनात जाणारे मिश्रण आधीच गरम. त्यात ते जास्त, म्हणून आतला भडकाही मोठा. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला फार तर चौथा हिस्सा त्या काळी चाकांपर्यंत पोहोचत असे. बाकीची धुरांड्यातून, रेडिएटरच्या पाण्यातून आणि तेलातून बाहेर काढावी लागे. ती वेळेवर निघाली नाही, तर ठिणगी पडण्याच्या आधीच किंवा मागोमाग मिश्रण भलतीकडून पेट घेते. इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागते. आमच्याकडचे मिस्त्री म्हणतात, गाडी ‘नॉकिंग’ करते. मग प्लग जळतात, व्हॉल्व्ह जळतात, हेड गॅस्केट उडते आणि शेवटी पिस्टनला भोक पडते. बँकेत असताना ट्रकच्या कर्जांची प्रकरणे माझ्या टेबलावर येत, आणि जप्त झालेली वाहने पाहायला गॅरेजांत जावे लागे. तिथे एवढे शिकलो की इंजिन झिजून मरते त्याहून कितीतरी जास्त वेळा ते तापून मरते. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, डबा हातात घेऊन, वाफ ओसरायची वाट पाहत उभे असलेले ड्रायव्हर आमच्या पिढीने पुष्कळ पाहिले आहेत.

डब्ल्यू. ओ. बेंटलीला हे सगळे ठाऊक होते आणि त्याने स्पष्ट विरोध केला. असा भाता लावणे म्हणजे आपल्या इंजिनाचा स्वभावच बिघडवणे, असे त्याचे मत होते, आणि ते त्याने आयुष्यभर बदलले नाही. पण कंपनी आता त्याची राहिली नव्हती. १९२६ पासून तिच्यात पैसा होता तो बार्नाटोचा, किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर मोठ्या झालेल्या बापाच्या मुलाचा. बर्किनने बार्नाटोला पटवले. ल मांच्या नियमाप्रमाणे अशा पन्नास मोटारी तरी विक्रीसाठी बनवणे भाग होते, तेही कंपनीने मान्य केले. ज्याच्या नावाची पाटी रेडिएटरवर आहे त्याचेच ऐकले जात नाही, हा प्रसंग कारखानदारीत नवा नाही.

बर्किनने वेलविन येथे स्वतःचा कारखाना थाटला. सुपरचार्जर व्हिलियर्सने केला. तो बॉनेटखाली मावेना, म्हणून रेडिएटरच्या पुढे, अगदी खाली, पुढच्या दोन स्प्रिंगांच्या मध्ये, थेट क्रँकशाफ्टच्या टोकाला जोडून बसवला. त्याच्यावर उष्णता सोडण्यासाठी धातूच्या पट्ट्या ओतलेल्या. मोटार समोरून पाहिली की तिने काही तरी तोंडात धरले आहे असे वाटते. एका परीने जागा बरी होती, त्याला वारा भरपूर मिळे. पेट्रोलचे कार्ब्युरेटरही त्याच्याच अंगाला लावलेले होते, म्हणजे पेट्रोल भात्यातून जाताना उडून वाफ होई आणि माठातले पाणी जसे गार होते त्या न्यायाने मिश्रण थोडे निवत असे. साध्या साडेचार लिटर बेंटलीची ताकद सुमारे ११० अश्वशक्ती होती. भाता लावल्यावर विक्रीच्या मोटारीची १७५ झाली, आणि बर्किनच्या शर्यतीच्या मोटारींची २४० च्या आसपास. एकाच इंजिनातून दुपटीहून अधिक काम! मला इथे ओव्हरड्राफ्ट आठवतो. भांडवल तेवढेच, उलाढाल दुप्पट, आणि व्याज रोजच्या रोज.

हे व्याज कसे भरत असत? पहिले म्हणजे पेट्रोल सढळ हाताने. मिश्रणात पेट्रोल जरा जास्त ठेवले की जळताना आतली उष्णता कमी राहते. म्हणून या मोटारी पेट्रोल अक्षरशः ढोसत. दुसरे, प्लग. इंजिन गार असताना एका जातीचे प्लग घालून सुरू करायचे, ते तापले की काढून दुसऱ्या, उष्णता झटकन सोडणाऱ्या जातीचे घालायचे. पहिलेच ठेवले तर वेगात ते निखाऱ्यासारखे लाल होणार, आणि दुसरेच आधी घातले तर ते तेलाने माखून मोटार सुरूच होणार नाही. तिसरे, ठिणगीची वेळ. ती मागे-पुढे करण्याची सोय ड्रायव्हरच्या हाताशी असे. ठिणगी फार लवकर पडली तर ठोके बसतात, फार उशिरा पडली तर जळत्या वायूची धग धुरांड्याकडे जाते आणि पाणी उकळते. आणि शेवटचे म्हणजे ड्रायव्हरचा पाय. पुढच्या मोटारीच्या पाठीला चिकटून राहिले तर रेडिएटरला तिची गरम हवा मिळते. बाजूला सरकले तर ताजी. पॅडल पूर्ण दाबून किती वेळ ठेवायचे आणि केव्हा सोडायचे, यावर चोवीस तासांचे भवितव्य. यातली पहिली तीन कामे बर्किनचे मेकॅनिक उत्तम करीत. चौथे त्याच्या स्वभावात नव्हते.

या मोटारीची पहिली शर्यत जून १९२९ मध्ये ब्रुकलंड्सला झाली आणि तिथे ती अर्ध्यावर बंद पडली. त्याच महिन्यात बर्किनने ल मां जिंकले, पण ते भात्याविना. बार्नाटोबरोबर, साडेसहा लिटरच्या मोठ्या बेंटलीवर. बेंटलीसाहेबाचे म्हणणे असे त्याच्याच हातून सिद्ध झाले. पण मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो ऑगस्टमधला, उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्सच्या शर्यतीचा प्रसंग. तिथे प्रत्येक मोटारीत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसवावा लागे. बर्किनच्या ब्लोअरमध्ये मेकॅनिक म्हणून बसला तो स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली. ज्या यंत्राला त्याने नकार दिला त्याच्याच शेजारी, पावसात, ओल्या रस्त्यावर, गेजांवर नजर ठेवून. ते दोघे एकमेकांशी काय बोलले असतील याची कल्पना करण्याचा मोह कादंबरीकाराला आवरायला हवा. शर्यत मर्सिडीजवरच्या काराचिओलाने जिंकली; बर्किनचा नंबर बराच मागे लागला.

त्याच ऑक्टोबरात लंडनच्या मोटार-प्रदर्शनात विक्रीची ब्लोअर बेंटली दिमाखात मांडली गेली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पन्नास महागड्या मोटारी बनवायचे वचन देण्यासाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

बर्किनचा स्वतःचा पैसा तोपर्यंत संपत आला होता. मदतीला आली डोरोथी पॅजेट. ही विशीतली अतिश्रीमंत मुलगी. पुढे तिचे नाव झाले ते घोड्यांमुळे. तिचा ‘गोल्डन मिलर’ हा घोडा इंग्लंडच्या शर्यतींच्या इतिहासात अजरामर आहे. तिने वेलविनचा कारखाना आणि तिथल्या मोटारी आपल्या खर्चाने चालवायला घेतल्या.

आणि मग जून १९३० चे ल मां. काराचिओलाची सात लिटरची मर्सिडीज एकटी, समोर बेंटली कंपनीच्या साडेसहा लिटरच्या बिनभात्याच्या मोटारी आणि पॅजेटबाईंच्या ब्लोअर. मर्सिडीजचा सुपरचार्जर सतत चालणारा नव्हता. पॅडल पार तळाला दाबले तरच तो गुंते आणि कर्कश किंकाळी फोडी. तोही थोडा वेळच वापरायचा, कारण इंजिनाला ती धग फार वेळ सोसत नसे. म्हणजे जर्मनांनी भाता ठेवला होता तो अडीअडचणीला. बर्किनचा भाता क्रँकशाफ्टलाच बांधलेला, इंजिन फिरते तोवर तो फिरणार.

सुरुवातीच्या फेऱ्यांतच बर्किन काराचिओलाच्या मागे लागला. म्युल्सानच्या लांब सरळ रस्त्यावर, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता अरुंद आणि काराचिओला मधोमध. बर्किनने बाजूची दोन चाके गवतावर घातली आणि तो पुढे निघाला. तेवढ्यात मागच्या टायरची वरची साल निघून उडाली आणि मडगार्डवर आदळली. तो थांबला नाही. त्या भरात त्याने ६ मिनिटे ४८ सेकंदांची फेरी केली, त्या शर्यतीतली सर्वांत जलद. मग अर्थातच टायरसाठी थांबावे लागले, पुन्हा तेच, पुन्हा टायर. दोन टनांच्या घरातली मोटार आणि तो वेग, रबराला ते तापमान झेपत नव्हते.

बर्किनने मुद्दाम स्वतःची मोटार पणाला लावून मर्सिडीजला तिचा सुपरचार्जर सतत वापरायला लावले आणि ती थकल्यावर बार्नाटोसाठी वाट मोकळी केली, अशी कथा पुढे फार रंगवली गेली. दोन्ही पथके वेगळी, मालक वेगळे. असा काही लेखी बेत असावा असे मला वाटत नाही. त्या माणसाला पुढची मोटार दिसली की ओलांडावीशी वाटे, एवढे कारण पुरेसे आहे. काही असो, मर्सिडीज रात्रीच बाद झाली. जाहीर कारण बॅटरी उतरल्याचे. हेड गॅस्केटनेही दगा दिला असावा, असे म्हणणारेही आहेत. दोन्ही ब्लोअर रविवारी, शर्यत संपायला काही तास उरले असताना, इंजिन गेल्यामुळे थांबल्या. बार्नाटो आणि किडस्टन जिंकले, बेंटलीची दुसरी मोठी मोटार दुसरी आली. त्यानंतर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले.

बर्किनने सप्टेंबरमध्ये एक गंमत केली. पो येथे झालेल्या फ्रेंच ग्रांप्रीला, जिथे हलक्याफुलक्या बुगाट्टी धावतात तिथे, त्याने आपली धूड ब्लोअर मडगार्ड आणि दिवे काढून उतरवली आणि ती दुसरी आली. पहिला आला बुगाट्टीवरचा एतांसलँ. ही त्या मोटारीची सर्वोत्तम कामगिरी. ऑक्टोबरमध्ये पॅजेटबाईंनी हात आखडता घेतला. ब्रुकलंड्सवर विक्रम करणारी एक आसनी ब्लोअर तेवढी त्यांनी ठेवली.

बेंटली कंपनी जुलै १९३१ मध्ये बुडाली आणि वर्षअखेर रोल्स-रॉइसने ती घेतली. त्याचे खापर ब्लोअरवर फोडणारे लेखक आहेत. बँकेत इतकी वर्षे ताळेबंद वाचल्यावर मला ते पटत नाही. मंदीच्या तोंडावर कंपनीने आठ लिटरची राजेशाही मोटार काढली होती, कर्जाचे व्याज थकले होते आणि बार्नाटोने आणखी पैसे ओतायला नकार दिला होता. पन्नास ब्लोअरनी आजार वाढवला असेल. आजार जुना होता.

त्याच जूनमध्ये बर्किन पुन्हा ल मां जिंकला, आणि या वेळी सुपरचार्जरच्या मोटारीवर. मात्र ती इटालियन होती. अल्फा रोमिओ, जोडीदार अर्ल हाउ. चोवीस तासांत तीन हजार किलोमीटरची मर्यादा प्रथमच ओलांडली गेली. या मोटारीचे इंजिन अवघे २.३ लिटरचे, म्हणजे ब्लोअर बेंटलीच्या जवळजवळ निम्मे. पण व्हित्तोरिओ यानो नावाच्या इंजिनिअरने ते कागदावर काढतानाच सुपरचार्जर धरून काढले होते. आठ लहान सिलिंडर, हलक्या मिश्रधातूचे ब्लॉक, भाता इंजिनाच्या कुशीत, त्याला फिरवणारी दातेरी चाके मधोमध. सिलिंडर लहान की पिस्टनचे डोके लहान, आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट जवळची. बर्किनचे म्हणणे खोटे नव्हते, भात्याने शर्यत जिंकता येते. बेंटलीचेही खोटे नव्हते, माझ्या इंजिनाला तो लावू नका. वीस-बावीस महिने दोघांनी ज्यावर वाद घातला त्याचे उत्तर मिलानमधल्या एका ड्रॉइंग बोर्डावर तयार होते.

त्या वर्षी वडील वारले आणि बर्किन ‘सर’ झाला. किताब आला, पैसा उरला नव्हता. २४ मार्च १९३२ रोजी त्याने एक आसनी ब्लोअरमधून ब्रुकलंड्सच्या बाहेरच्या ट्रॅकवर ताशी १३७.९६ मैलांची फेरी केली. तो विक्रम १९३४ पर्यंत टिकला. एका फेरीला तीन मिनिटेही लागत नाहीत, तेवढ्या वेळात इंजिन कितीही तापो. त्याच वर्षी त्याचे आत्मचरित्र निघाले. ब्रुकलंड्सचा ट्रॅक जुनाट आणि जीवघेणा झाला आहे, असे त्यात त्याने बजावले होते.

१९३३ च्या मे महिन्यात तो लिबियात ट्रिपोलीच्या शर्यतीला गेला. मोटार मासेराती, मालकी बर्नार्ड रुबिनची, म्हणजे कोरड्या रेडिएटरवर जिंकलेल्या त्या बेंटलीत बार्नाटोचा जोडीदार होता त्याचीच. वाळवंटाच्या काठावरचा रखरखीत ट्रॅक. त्या शर्यतीवर लॉटरी लावलेली होती आणि निकाल आधीच ठरवल्याची बोलवा आजही ऐकू येते. बर्किनचा त्याच्याशी संबंध नव्हता. तो प्रामाणिकपणे पळाला आणि तिसरा आला. मोटार थांबलेली असताना कधीतरी सिगरेट पेटवायला लायटर घेण्यासाठी त्याने हात खाली नेला आणि त्याचा दंडाखालचा भाग तापलेल्या एक्झॉस्ट पाइपला लागला.

शर्यतीच्या मोटारींत अशा भाजण्याला कोणी मोजत नसे. त्यानेही मोजले नाही. लंडनला परतल्यावर जखम चिघळली, ताप चढला आणि त्यात पॅलेस्टाइनचा मलेरिया उलटला. रक्तात विष भिनून तो गेला की मलेरियाने, यावर मतभेद आहेत. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालीच लागला होता, पण ते रोग्यापर्यंत पोहोचायला १९४० नंतरची वर्षे उजाडली. पहिली सल्फा औषधेही त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी आली. २२ जून १९३३ रोजी लंडनच्या एका शुश्रूषागृहात त्याचा अंत झाला. नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या ब्लेकनी गावात त्याला पुरले.

त्याची एक आसनी ब्लोअर २०१२ मध्ये लिलावात सुमारे पन्नास लाख पौंडांना गेली. २०१९ मध्ये बेंटली कंपनीने त्याच्या १९२९ च्या शर्यतीच्या मोटारींपैकी एक सुटी केली, प्रत्येक भाग लेसरने मोजला, आणि तशाच बारा नव्या ब्लोअर बनवायला घेतल्या. भाताही तसाच, तिथेच, रेडिएटरच्या पुढे.